विश्लेषण : कतार जर्मनीपेक्षा खरोखर श्रीमंत आहे का?

जगातील सर्वांत श्रीमंत देशांची एखादी यादी दर काही महिन्यांनी मोबाइलवर येऊन पडते. दरडोई उत्पन्नाच्या या यादीत कतार अगदी वरच्या पायऱ्यांवर असतो आणि जर्मनी बराच खाली. मोटारी, यंत्रे, औषधे आणि रसायने बनवून जगाला विकणारा देश मागे, आणि समुद्रतळाखालचा वायू विकणारे आखातातील एक छोटे राज्य पुढे. यादी खोटी नसते, पण ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न वाचकाच्या मनातला नसतो. विशेष म्हणजे कतारचे राज्यकर्तेही या यादीवर फारसा विश्वास ठेवताना दिसत नाहीत. ते वायूतून मिळालेला पैसा ज्या ठिकाणी नेऊन ठेवतात, त्यात जर्मन कारखाने आहेत. त्याच जर्मनीला २०२२ मध्ये वायूसाठी दोहाच्या दारात उभे राहावे लागले. मग या दोघांत श्रीमंत कोण?

दोन्ही देशांच्या आकारात फरक किती?

जर्मनीचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ५७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे मोठे. लोकसंख्या ८ कोटी ३० लाखांच्या पुढे. कतार साधारण साडेअकरा हजार चौरस किलोमीटरचा. आपल्या पुणे जिल्ह्यात तो मावेल आणि वर जागा उरेल. लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास. जर्मनीची अर्थव्यवस्था साधारण साडेचार लाख कोटी डॉलरची, अमेरिका आणि चीननंतरची जगातील तिसरी. कतारची सुमारे २१५ अब्ज डॉलरची, म्हणजे जर्मनीच्या विसाव्या भागाएवढी. फोक्सवॅगन या एकाच जर्मन समूहाची २०२३ मधील विक्री ३२० अब्ज युरोहून अधिक होती. कंपनीची उलाढाल आणि देशाचे उत्पन्न ही दोन वेगळी मापे आहेत, त्यांची थेट तुलना करू नये. पण अंदाज येण्यासाठी आकडा उपयोगी आहे.

अर्थव्यवस्था विसावा भाग, पण माणसे सत्ताविसावा भाग. भागाकार केला की कतारचे दरडोई उत्पन्न ७० ते ८० हजार डॉलर येते आणि जर्मनीचे ५५ हजारांच्या घरात. स्थानिक किमती लक्षात घेऊन, म्हणजे क्रयशक्तीच्या मापाने मोजले, तर कतार जर्मनीच्या दीडपटीहून अधिक पुढे जातो. यादी इथपर्यंतच सांगते.

दरडोई आकडा काय लपवतो?

पहिली गोष्ट छेदाची. कतारमध्ये राहणाऱ्या ३० लाखांपैकी नागरिक आहेत फक्त तीन-चार लाख. बाकीचे सगळे बाहेरून कामाला आलेले. भारतीय, नेपाळी, बांगलादेशी, फिलिपिनो, इजिप्शियन. जीडीपीला या सर्वांनी भागले की मिळणारा ७०-८० हजारांचा आकडा प्रत्यक्षात कोणाचाच नसतो. दोहातील बांधकाम मजुराच्या वाट्याला त्यातला किरकोळ भाग येतो आणि नागरिकाच्या वाट्याला कितीतरी अधिक. केवळ नागरिकांनी भागायचे ठरवले तर दरडोई आकडा पाच-सहा लाख डॉलरवर जाईल. तोही खरा नाही, कारण वायूचा पैसा आधी राज्याकडे जातो आणि तिथून पगार, घर, वीज, शिक्षण, वैद्यकीय सेवा अशा रूपांनी खाली येतो. किती यायचा हे राज्य ठरवते.

दुसरी गोष्ट क्वचितच कोणी बोलते, ती वयाची. जर्मनीत पाचातला एकाहून अधिक माणूस ६५ वर्षांवरचा आहे. तो कमावत नाही, पण भागाकारात मोजला जातो. त्याचे निवृत्तिवेतन, औषधपाणी, शुश्रूषा देशाच्या तिजोरीवर असते. कतारमध्ये ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण नगण्य आहे. याचा अर्थ तिथली माणसे म्हातारी होत नाहीत असा नव्हे. ती म्हातारी होण्याआधी परत जातात. पंचविशीत गेलेला माणूस पन्नाशीत, गुडघे आणि पाठ घेऊन, नेपाळमधल्या किंवा केरळमधल्या, कधी रत्नागिरी-रायगडमधल्या आपल्या गावी परततो. त्याच्या बालपणाचा खर्च त्याच्या देशाने केलेला असतो आणि म्हातारपणाचाही तोच देश करतो. मधली कामाची वर्षे तेवढी कतारच्या हिशेबात येतात. जर्मनीने आपले सगळे निवृत्त नागरिक आणि शाळकरी मुले दुसऱ्या देशाच्या खात्यावर टाकली, तर त्याचाही दरडोई आकडा एका रात्रीत फुगेल.

तिसरी गोष्ट क्रयशक्तीची. या मापात कतार अधिकच वर जातो, कारण तिथे सेवा स्वस्त आहेत. केस कापणे, घरकाम, गाडी चालवणे, इमारत बांधणे. त्या स्वस्त आहेत कारण त्या करणाऱ्याचा पगार कमी आहे. जर्मनीत नळ दुरुस्त करणारा महाग वाटतो, कारण त्याला तीन वर्षांचे प्रशिक्षण, विमा, रजा आणि निवृत्तिवेतन हे सगळे मिळते. म्हणजे जी गोष्ट जर्मन समाजाची कमाई म्हणायला हवी, ती या मापात महागाई म्हणून वजा होते! शिवाय जर्मन कामगार वर्षाला सरासरी १,३४० तासांच्या आसपास काम करतो. विकसित देशांत हे सर्वांत कमी तासांपैकी आहे. फुरसतीला जीडीपीत रकाना नाही.

उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही मोजणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात त्यामुळे क्रम उलटतो. तिथे जर्मनी पहिल्या दहांत आणि कतार चाळिशीच्या पुढे असतो.

कतारकडे पैसा आला कसा?

तेलाच्या आधी कतार मोत्यांवर जगत होता. उन्हाळ्यात होड्या समुद्रात जात, पाणबुडे दोरीला दगड बांधून तळाशी उतरत, आणि निघालेला माल मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या बाजारात येई. जपानमध्ये मिकिमोतो कोकिची यांनी संवर्धित मोत्यांचा उद्योग उभा केला आणि १९२०-३० च्या दशकांत हे मोती जगभर स्वस्तात मिळू लागले. त्यातच जागतिक मंदी आली. आखातातील मोत्यांचा व्यापार काही वर्षांत बसला. कतारमधून हजारो लोक उपजीविकेसाठी शेजारच्या प्रदेशांत निघून गेले. एका नैसर्गिक वस्तूवर उभी असलेली अर्थव्यवस्था, आणि दूरच्या औद्योगिक देशातील एका प्रक्रियेने तिचा पाया काढून घेणे, हा अनुभव कतारला गेल्या शतकातच येऊन गेला आहे.

दुखान येथे तेल सापडले ते १९३९-४० च्या सुमारास. दुसऱ्या महायुद्धामुळे निर्यात १९४९ मध्ये सुरू झाली. तेव्हा कतारमध्ये भारतीय रुपया चालत असे. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया छापला आणि १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केल्यावर कतारने तो सोडून दिला. आजचा कतारी रियाल डॉलरशी बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६४ असा.

खरे वळण आले वायूने. १९७१ मध्ये, स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, उत्तरेच्या समुद्रात ‘नॉर्थ फील्ड’ हे वायूक्षेत्र सापडले. इराणच्या हद्दीतील भागासह (तिकडे त्याला ‘साउथ पार्स’ म्हणतात) हे जगातील सर्वांत मोठे वायूक्षेत्र मानले जाते. पण तेव्हा या वायूला गिऱ्हाईक नव्हते. तेल पिंपात भरून कुठेही नेता येते. वायूला वाहिनी लागते किंवा तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो. तसे केले की त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते आणि तो जहाजात भरता येतो. याला लागणारा खर्च अवाढव्य होता. १९९५ मध्ये वडिलांना पदच्युत करून सत्तेवर आलेले शेख हमद बिन खलिफा यांनी कर्ज काढून हा जुगार पुढे नेला. पहिले जहाज जपानला गेले आणि २०१० च्या सुमारास कतारची क्षमता वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांवर पोहोचली. शेख हमद यांनी २०१३ मध्ये पुत्र शेख तमिम यांच्याकडे सत्ता सोपवली. आता ही क्षमता २०३० पर्यंत १४ कोटी २० लाख टनांवर नेण्याची योजना आहे.

या यशात कतारचा स्वतःचा वाटा निर्णयाचा आणि धाडसाचा आहे, तो कमी लेखू नये. शेजारच्या इराणकडे त्याच क्षेत्राचा भाग असून त्याला निर्बंधांमुळे आणि तंत्रज्ञानाअभावी हे जमले नाही. पण यंत्रे बाहेरून आली. रास लाफान येथील ‘पर्ल’ नावाच्या (नाव पुन्हा मोत्याचेच) वायूपासून द्रवइंधन बनवण्याच्या प्रकल्पात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी आठ महाकाय संयंत्रे लिंडे या तेव्हाच्या जर्मन कंपनीने बसवली. वायू कतारचा, यंत्र जर्मनीचे. यंत्र बनवणाऱ्याला वायूसाठी दुसरा पुरवठादार शोधता येतो. वायू विकणाऱ्याला यंत्राशिवाय तो विकताच येत नाही. निदान २०२२ पर्यंत जर्मनीत असाच समज होता.

जर्मनीचे उत्पन्न अधिक टिकाऊ आहे का?

कतारच्या उत्पन्नाचा स्वभाव २०१४ ते २०१६ या दोन वर्षांत स्पष्ट दिसला. तेलाच्या किमती कोसळल्या आणि त्यांच्याशी बांधलेले वायूचे दरही उतरले. कतारचा जीडीपी डॉलरमध्ये २०६ अब्जांवरून सुमारे १५२ अब्जांवर आला. एक चतुर्थांशाहून अधिक घट. या काळात तिथला एकही मोठा प्रकल्प बंद पडला नव्हता आणि जहाजे पूर्वीसारखीच भरून जात होती. बदलली होती ती बाजारातील किंमत. २०२२ मध्ये युरोपात वायूचे भाव भडकले आणि तोच जीडीपी २३५ अब्जांवर गेला. त्यासाठीही कोणी जास्त घाम गाळला नव्हता.

जर्मनीचे उत्पन्न असे वरखाली होत नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतरच्या २००९ या सर्वांत वाईट वर्षात तिथले उत्पादन साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटले आणि दोन वर्षांत भरून निघाले. (इथे महागाई वगळून मोजलेला दर आहे, त्यामुळे वरच्या कतारच्या आकड्याशी तो जसाच्या तसा ताडून पाहू नये.) सुमारे एक पंचमांश उत्पन्न कारखान्यांतून येते. मोठ्या नावांमागे हजारो मध्यम आकाराच्या, बहुतेक कुटुंबांच्या मालकीच्या कंपन्या आहेत. कोणी फक्त पंप बनवते, कोणी फक्त बाटल्या भरण्याची यंत्रे. त्यांना लागणारा कामगार शाळा आणि कारखाना अशा दुहेरी शिक्षणातून तयार होतो. ही संपत्ती विकल्याने संपत नाही. शंभर यंत्रे विकली की एकशेएकावे अधिक चांगले बनवता येते. शंभर टन वायू विकला की तो शंभर टनांनी कमी होतो.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर कतारच्या उत्पन्नाचा मोठा भाग हा ठेव मोडून आलेला पैसा आहे आणि जीडीपी त्याला कमाई म्हणून दाखवतो. मात्र ठेव इतकी मोठी आहे की नॉर्थ फील्ड सध्याच्या गतीने अनेक दशके पुरेल. कतारला वायू संपण्याची चिंता नाही. चिंता आहे ती वायू शिल्लक असताना गिऱ्हाईक संपण्याची.

पण जर्मनीची बाजूही दिसते तेवढी भक्कम नव्हती. तिथल्या कारखानदारीखाली एक न दिसणारा आधार होता, रशियातून वाहिनीने येणारा स्वस्त वायू. २०२१ मध्ये आयात वायूतील ५५ टक्के वाटा रशियाचा होता. ऱ्हाइनकाठच्या लुडविग्सहाफेन येथील बीएएसएफचे संकुल हे जगातील सर्वांत मोठ्या रासायनिक संकुलांपैकी एक. तिथे वायू दोन कामांना लागतो, उष्णतेसाठी आणि कच्चा माल म्हणून. वायूपासून अमोनिया, अमोनियापासून खते आणि पुढे शेकडो रसायने. वातावरणातील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची प्रक्रिया औद्योगिक पातळीवर याच कंपनीने १९१३ मध्ये, लुडविग्सहाफेनजवळच्या ओपाऊ येथे सुरू केली होती. तिथल्याच अमोनियाच्या एका संयंत्राला टाळे लावण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीला घ्यावा लागला. कौशल्य होते, कामगार होते, गिऱ्हाईक होते. परवडणारा वायू नव्हता.

२०२२ मध्ये नेमके काय घडले?

रशियाने फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण केले. मार्चमध्ये जर्मनीचे तत्कालीन अर्थमंत्री रॉबर्ट हाबेक दोहाला गेले. हाबेक ग्रीन पक्षाचे. जीवाश्म इंधनापासून सुटका हा ज्या पक्षाचा आग्रह, त्याचा नेता कतारच्या मंत्र्यापुढे किंचित वाकून हस्तांदोलन करतानाचे छायाचित्र जर्मनीत चांगलेच गाजले. ऑगस्टमध्ये युरोपीय बाजारातील वायूचा दर प्रति मेगावॉट-तास ३०० युरोच्या वर गेला; त्याआधी अनेक वर्षे तो २० युरोंच्या आसपास असायचा. सप्टेंबरच्या अखेरीस बाल्टिक समुद्रातील ‘नॉर्ड स्ट्रीम’ वाहिन्या स्फोटांनी फुटल्या.

जर्मनीकडे तोवर द्रवरूप वायू उतरवून घेणारे एकही बंदर नव्हते. वाहिनीचा वायू इतका सोयीचा होता की गरजच वाटली नाही. मग तरंगते टर्मिनल भाड्याने घेऊन विल्हेल्म्सहाफेन येथे सुमारे दोनशे दिवसांत व्यवस्था उभारली आणि डिसेंबरमध्ये चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी तिचे उद्घाटन केले. एरवी परवानग्यांत वर्षे घालवणाऱ्या जर्मनीच्या दृष्टीने हा विक्रमच.

त्याच नोव्हेंबरात फुटबॉलचा विश्वचषक कतारमध्ये होता. २३ तारखेला जपानविरुद्धच्या सामन्याआधी जर्मन खेळाडूंनी छायाचित्रासाठी उभे राहताना तोंडावर हात ठेवले. समलिंगींच्या हक्कांसाठीची दंडपट्टी वापरण्यास ‘फिफा’ने केलेल्या मनाईचा तो निषेध होता. २९ तारखेला दोहात जर्मनीसाठीच्या वायूचा करार जाहीर झाला. सहा दिवसांचे अंतर. हा दुटप्पीपणा आहे अशी टीका दोन्हीकडून झाली. पण करार बघितला तर जर्मनीने फार काही विकत घेतले असेही नाही. वर्षाला २० लाख टनांपर्यंत वायू, २०२६ पासून किमान १५ वर्षे, तोही अमेरिकी कंपनी कोनोकोफिलिप्समार्फत. युद्धापूर्वीच्या जर्मन वापराच्या तो जेमतेम तीन टक्के भरतो.

कतार जर्मन कंपन्यांत पैसा का घालतो?

कतारने २००५ मध्ये ‘कतार इन्व्हेस्टमेंट ऑथॉरिटी’ हा सार्वभौम निधी स्थापन केला. आज त्याची मालमत्ता ५०० अब्ज डॉलरहून अधिक असल्याचा अंदाज आहे. देशाच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाहून जास्त रक्कम देशाबाहेर गुंतवलेली आहे. वायू संपेल किंवा त्याला कोणी विचारेनासे होईल, त्या दिवसासाठीची ही तरतूद.

जर्मनीत तिची मोठी सुरुवात २००९ मध्ये झाली. छोट्या पोर्शने महाकाय फोक्सवॅगन गिळण्याचा प्रयत्न केला, त्यात ती कर्जात बुडाली आणि सुटकेसाठी आलेल्यांत कतार होता. त्या व्यवहारांतून कतारकडे फोक्सवॅगनमधील १७ टक्के मताधिकार आले, जे आजही आहेत. पोर्श आणि पिएख घराण्यांची होल्डिंग कंपनी आणि लोअर सॅक्सनी हे जर्मन राज्य यांच्यानंतरचा हा तिसरा मोठा भागधारक. हापाग-लॉइड या जहाज कंपनीत कतारचे सुमारे १२ टक्के आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे वायूटंचाईच्या ऐन भरात, कतारने आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीत २४० कोटी युरोहून अधिक गुंतवले. तो पैसा आरडब्ल्यूईने अमेरिकेतील सौर आणि पवनऊर्जा व्यवसाय विकत घेण्यासाठी वापरला. वायू विकून आलेल्या पैशातून वायूची जागा घेणाऱ्या धंद्यात भागीदारी! मोत्यांच्या वेळी ही सोय नव्हती.

आणि यातही नफ्याची हमी नाही. चिनी इलेक्ट्रिक गाड्यांची स्पर्धा, महाग ऊर्जा आणि घटती मागणी यांमुळे फोक्सवॅगनचा समभाग २०२१ च्या उच्चांकापासून निम्म्याहून अधिक घसरला. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात तडजोड होऊन २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे ठरले; सक्तीची कपात मात्र करायची नाही. जर्मन अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे आकसली. टिकाऊ समजलेल्या कारखान्याचीही अशी अवस्था होऊ शकते, हे कतारला भागधारक म्हणून कळते आहे.

फोक्सवॅगनच्या पर्यवेक्षक मंडळातील दृश्य मोठे विलक्षण असते. वीसपैकी निम्म्या खुर्च्या कायद्याने कामगारांच्या, दोन लोअर सॅक्सनी राज्याच्या आणि दोन कतारच्या. जिथे परदेशी कामगाराला संघटना काढण्याचा अधिकार नाही, त्या देशाचे प्रतिनिधी कामगार नेत्यांशेजारी बसून कारखाने चालू ठेवायचे की बंद करायचे यावर मत देतात. या समूहाचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. त्याच्या मालकीतही अर्थातच दोहाचा हा अंश आला.

कामाला जाणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय?

दोन्ही देशांना बाहेरची माणसे हवी आहेत आणि दोन्ही ठिकाणी महाराष्ट्रातून माणसे जातात, म्हणून हा मुद्दा केवळ अभ्यासाचा नाही. कतारमध्ये सात-आठ लाख भारतीय आहेत, म्हणजे नागरिकांच्या दुप्पट. मार्च २०२१ पासून तिथे किमान वेतन महिना १,००० रियाल, सुमारे २७५ डॉलर आहे. राहणे-जेवण मालकाने दिले नाही तर त्यासाठी आणखी ८०० रियाल. त्याआधी २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढण्यात आली. अंमलबजावणीबद्दल कामगार हक्क संघटनांच्या तक्रारी कायम आहेत. जर्मनीत २०२५ मध्ये किमान वेतन ताशी १२.८२ युरो होते. पूर्णवेळ कामाचे महिन्याला दोन हजार युरोंहून अधिक. अर्थात त्यातून कर आणि विम्याचे हप्ते कापले जातात, भाडे आणि जगणे महाग. कतारमध्ये प्राप्तिकर नाही, त्यामुळे अभियंता, परिचारिका, लेखापाल यांची महिन्याची शिल्लक दोहात जास्त असू शकते.

फरक पडतो तो वीस वर्षांनी. जर्मनीत पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर, भाषा आणि नोकरीच्या अटी पूर्ण केल्यास, नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. कतारच्या कायद्यात त्यासाठी २५ वर्षांची अट आहे आणि ती पूर्ण करूनही ते मिळणे दुर्मीळ. जर्मनीला हे औदार्य परवडते म्हणून नव्हे, तर म्हाताऱ्या होत चाललेल्या देशाला पर्याय नाही म्हणून आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने भारतीय कुशल कामगारांसाठीची व्हिसा मर्यादा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला; वाहनचालक, वीजतंत्री, परिचारिका वगैरेंसाठी. तिथे अडसर येतो तो जर्मन भाषेचा. दोहाला जाताना कोणी भाषा विचारत नाही, कारण माणूस तिथे राहावा अशी अपेक्षाच नसते.

नागरिकांनाही प्रश्न विचारायला दोन्हीकडे सारखी जागा नाही. जर्मन मतदार सरकार बदलतो. कतारमध्ये शूरा परिषदेच्या दोन-तृतीयांश जागांसाठी २०२१ मध्ये पहिल्यांदा निवडणूक झाली आणि नोव्हेंबर २०२४ मधील सार्वमताने ती पद्धत रद्दही झाली. आता सर्व सदस्य अमीर नेमतात. कर नाही आणि मत नाही, असा हा जुना सौदा आहे, आणि वायूचे पैसे येत आहेत तोवर त्याबद्दल कुरबुर ऐकू येत नाही.

मग यापुढे पारडे कोणाकडे झुकेल?

दोन्ही देश एकाच गोष्टीवर उलट बाजूंनी पैज लावून बसले आहेत. जर्मनीने २०४५ पर्यंत कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ठरवले आहे. कतार त्याच काळात उत्पादन जवळपास दुप्पट करतो आहे. म्हणून दोघांची करारांची भाषा जुळत नाही. कतारला वीस-पंचवीस वर्षांची बांधीलकी हवी असते, जर्मनीला शक्य तितकी कमी. चीनच्या सिनोपेकने त्याच नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ वर्षांचा करार करून दोहाला हवे ते दिले.

डिसेंबर २०२४ मध्ये कतारचे ऊर्जामंत्री साद अल-काबी यांनी युरोपला उघड इशारा दिला. पुरवठा साखळीतील कामगार आणि पर्यावरण नियमभंगाबद्दल जागतिक उलाढालीच्या पाच टक्के दंड लावणारा युरोपीय कायदा कतारवर लागू झाला, तर वायू पाठवणार नाही, असे ते म्हणाले. त्यानंतर युरोपीय महासंघात हा कायदा सौम्य करण्याच्या हालचाली झाल्या. त्यामागे युरोपीय उद्योगांचाही दबाव होता, त्यामुळे सगळे श्रेय किंवा दोष कतारला देता येणार नाही. पण छोट्या राजेशाहीने मोठ्या औद्योगिक गटाला नियम बदलायला सांगावे, इतपत वजन तिच्याकडे आहे.

या वजनाला भूगोलाची मर्यादा आहे. कतारचे प्रत्येक वायूवाहू जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जाते. २०१७ मध्ये सौदी अरेबियासह शेजाऱ्यांनी साडेतीन वर्षे नाकेबंदी केली तेव्हा वायू निघत राहिला, कारण समुद्र खुला होता. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रे अल-उदेद या अमेरिकी तळावर आली आणि सप्टेंबरमध्ये इस्रायलने थेट दोहावर हल्ला केला. ५०० अब्ज डॉलरचा निधी अशा वेळी जहाजाला वाट करून देत नाही.

भारताने या पैजेत कतारची बाजू घेतली आहे. पेट्रोनेट एलएनजीने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात, भारत ऊर्जा सप्ताहात, कतारशी वर्षाला ७५ लाख टन वायूचा करार वीस वर्षांनी वाढवला. जर्मनीच्या कराराच्या जवळपास चौपट. हा वायू प्रामुख्याने गुजरातमधील दहेजला उतरतो आणि वाहिन्यांनी खत कारखान्यांकडे, शहरांतील स्वयंपाकघरांकडे आणि सीएनजी पंपांकडे जातो. जर्मनीसाठीच्या कराराची किमान मुदत २०४१ च्या सुमारास संपते, तिचे कार्बनचे उद्दिष्ट २०४५ चे आहे, आणि भारताचा करार २०४८ पर्यंत चालणार आहे.